एक उलटा फेरा

मी एक मशीन जलद केलं होतं. आयुष्यात केलेल्या कामांपैकी लोकांनी ज्याचं सर्वांत जास्त कौतुक केलं ते हे काम, आणि ज्याची आजही मला लाज वाटते तेही हेच.

गोष्ट त्र्याहत्तर सालची, उन्हाळ्याच्या तोंडाची. आमचं गाव कोपरगावच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या काठी. गावाची उपसा सोसायटी होती. नदीवर मोठी मोटर, तिथून पाइपानं पाणी वर आणायचं आणि सहा चाऱ्यांनी शेतांत सोडायचं. मी त्या सोसायटीत क्लार्क. त्याआधी नगरला दोन वर्षं एका दुरुस्तीच्या दुकानात टाइपरायटर आणि शिलाई मशीनं उघडली होती, त्यामुळे लोखंडातलं आपल्याइतकं कुणालाच कळत नाही असा माझा पक्का समज. कानिफ, हे एवढं बघ रे, असं कुणी म्हणालं की मी पाना घेऊन तयारच.

सोसायटीत हिशेबाचं एक मशीन होतं, कुणाकडून तरी जुनं घेतलेलं. हातानं फिरवायचा दांडा, वर आकड्यांच्या खिडक्या, खाली डावीउजवीकडे सरकणारी गाडी. गुणाकार करायचा तर आकडा लावायचा आणि दांडा हवा तितक्या वेळा पुढे फिरवायचा. वजा करायचं तर दांडा उलटा फिरवायचा. वजा करता करता आकडा शून्याच्या खाली गेला की आत एक छोटी घंटी टणकन वाजायची. हे मशीन सूर्यभान तात्यांच्या ताब्यात होतं. तात्या जुने कारकून, साठीला आलेले, अंगानं किरकोळ, आणि कामात इतके सावकाश की समोर उभ्या असलेल्या माणसाचा चहा दोनदा व्हावा.

तात्या एक गुणाकार करायचे आणि आलेला आकडा लगेच लिहायचे नाहीत. तोच गुणाकार दांडा उलटा फिरवून पुन्हा मागे न्यायचे. सगळ्या खिडक्यांत शून्य आलं, घंटी वाजली नाही, की मगच पेन उचलायचे. म्हणजे प्रत्येक काम दुप्पट. त्यात त्यांनी दांड्याच्या बुडाशी जुन्या चपलेच्या चामड्याची एक पट्टी काप देऊन घट्ट बसवली होती. तिच्यामुळे दांडा जड फिरायचा. मनात आणलं तरी भरभर फिरवता येत नसे.

“तात्या, ही पट्टी कशाला?” मी विचारलं होतं.

“ते मशीन घाईत हातचा विसरतं,” तात्या म्हणाले. “एकाला एक लागून दोन हातचे आले ना, की दुसरा सुटतो कधीकधी. सावकाश फिरवलं की न्हाई सुटत.”

मी हसलो. “हातचा माणूस विसरतो, तात्या. मशीन कसं विसरंल?”

माझं ते हसणं मला अजून आठवतं, आणि आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला होता. विहिरींनी तळ दाखवला होता, नदीत नुसती वाळू. लोकांची सगळी आशा वरच्या धरणावर होती. फेब्रुवारी संपता संपता एका सोमवारी निरोप आला, की धरणातून नदीला पाणी सोडलंय, बुधवारी पहाटे आपल्याकडे पोचेल आणि आपल्याला नऊ दिवस, रोज पहाटे चार ते रात्री बारा, उपसायला परवानगी आहे. नंतर पावसापर्यंत काही नाही. ज्याच्या बागेला या नऊ दिवसांत पाणी मिळेल त्याची बाग जगणार, बाकीच्यांची जाणार, इतका सरळ मामला होता.

आता प्रत्येकाच्या वाट्याला किती तास, ती यादी करायची होती. नव्वद खातेदार, कुणाचे तीन तुकडे, कुणाचे पाच, चारीचारीचा दर वेगळा. तात्यांनी चाऱ्यांचे दर तेवढे काढून दिले आणि म्हणाले, “याला चार दिवस लागतील. आधी वरच्या नावांचे आकडे काढू, पानी चालू होऊ दे, मागनं बाकीचे काढत जाऊ.”

चेअरमन राधाकृष्ण आण्णा तापले. “लोक दारात बसल्यात माझ्या. यादी एकदम लागली पायजे. तात्या, तुमच्यासंगं ह्ये मशीनबी म्हातारं झालं का?”

सगळे हसले. मी पुढे झालो. “आण्णा, मशीन माझ्या ताब्यात द्या. उद्या संध्याकाळी यादी फळ्यावर.”

मंगळवारी सकाळी मी मशीन उघडलं. दहा वर्षांचा मळ साचला होता. रॉकेलनं धुतलं, ब्रशनं घासलं, शिलाई मशीनचं तेल दिलं. चामड्याची पट्टी काढून खिडकीतून बाहेर फेकली. दांडा असा फिरायला लागला की एका बोटानं फिरवावा. तात्या समोरच्या टेबलाशी बसून बघत होते. त्यांच्या हाताला काही काम नव्हतं, म्हणून टाचणीच्या डबीतल्या टाचण्या वेचून पुन्हा डबीत ठेवत होते.

“कानिफ, निदान उलटा फेरा तरी घेत जा,” ते एकदा म्हणाले.

“तात्या, आज उलटं जायला येळ न्हाई.”

मी आकडे बोलत, फिरवत, लिहीत सुटलो. घर्रर्र, घर्रर्र, गाडी सरकव, घर्रर्र. दुपारपर्यंत चार चाऱ्या झाल्या. दिवे लागायच्या आत फळ्यावर यादी. लोकांनी गर्दी केली. आण्णांनी सगळ्यांदेखत माझ्या हातात नारळ दिला आणि पाठीवर थाप मारली. तात्या तोवर घरी गेले होते. त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. मीही नाही.

तीन नंबरच्या चारीवर एक गंमत झाली. आमची चारी तीच, आणि आमची मोसंबीची बाग तिच्या अगदी शेपटाला. सगळ्यांचे तास मांडून झाल्यावर तिथे सोळा तास चाळीस मिनिटं जास्तीची उरली. तात्यांनी पंधरा मिनिटं गुंठ्याचा दर काढला होता तो नऊ दिवसांत तंतोतंत बसवून, मग एवढे तास उरले कसे, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं. आण्णा म्हणाले, “मशीननं बचत केली बघा!” आणि आमच्याकडची रीत अशी, की चारीत उरलेलं पाणी शेपटाला. शेपटाच्या शेताला एरवी कधी पुरं पाणी पोचतच नाही, म्हणून जुन्या लोकांनी घातलेली ती रीत. कुणी हूं की चूं केलं नाही. नवव्या दिवसाचे ते तास आमच्या बागेच्या नावावर लागले.

मनकर्णाआक्काची बाग त्याच चारीवर, मधोमध. एक एकर छत्तीस गुंठे मोसंबी, दोनशे झाडं. नवरा सहादेव झाडं लावून दुसऱ्याच वर्षी गेला. पुढची पाच वर्षं या बाईनं एकटीनं ती बाग वाढवली. त्या हिवाळ्यात विहीर आटल्यावर ती टेकाडावरच्या हापशावरून हंड्यानं पाणी आणून झाडांच्या बुंध्याशी ओतायची, रोज वीस झाडं, दहा दिवसांनी पुन्हा पहिल्या झाडापासून. लोक म्हणायचे, वेडी आहे. पण झाडं जिवंत होती आणि त्यांना कळ्या आल्या होत्या.

शनिवारी सकाळी ती ऑफिसात आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

“कानिफा, बन्सीनं माझी फळी पाडली रं. पानी बंद केलं.” बन्सी म्हणजे शेतांच्या तोंडच्या फळ्या उचलून चारीचं पाणी सोडणारा आमचा पाटकरी. “चार वळी भिजल्या नुसत्या. म्हनतो, यादीत दोन तास वीस मिनिटंच हायेत तुझे.”

मी यादी बघितली. “व्हय आक्का. दोन तास वीस मिनिटं.”

“आरं, पर असं कसं? मागल्या खेपंला उगवतीला पानी धरलं ते दुसऱ्या दिवशी उजाडंस्तोवर हुतं.”

“मागल्या खेपंला दुष्काळ नव्हता. सगळ्यांचंच कमी झालंय.”

“कमी हुईल, त्याचं काय न्हाई. पर एवढं?” तिनं मशीनकडे बघितलं. मी ते पुसूनबिसून टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं. “यातनंच काढलं का?”

“यातनंच. माणूस चुकंल आक्का, ह्ये चुकत न्हाई.”

तात्या कोपऱ्यातून म्हणाले, “कानिफ, एकदा फिरवून दाखव की तिला.”

दारात अजून दहा-बारा माणसं उभी होती, प्रत्येकाला आपल्याच तासांचं पडलेलं. सगळ्यांसमोर मी तिच्यासाठी मशीन उलटं फिरवलं असतं, तर माझ्या यादीवर माझाच भरवसा नाही असं दिसलं असतं. मी म्हणालो, “एकाचं फिरवलं की सगळ्यांचं फिरवावं लागंल.” मनकर्णाआक्का दाराकडे वळली. मग म्हणाली, “बरं बाबा. तू मोजलंयस म्हनजे बरूबरच आसंल.” आणि गेली. हे वाक्य तिनं टोमणा म्हणून टाकलं असतं तर मला पेललं असतं. पण तिनं ते मनापासून म्हटलं होतं.

नवव्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, मी ऑफिसात एकटा होतो. आण्णांना तालुक्याला कागद पाठवायचा होता, कुठल्या चारीवर किती क्षेत्र आणि किती तास. तीन नंबरचं क्षेत्र सातशे वीस गुंठे. पंधरानं गुणलं, दहा हजार आठशे मिनिटं. आमचे जास्तीचे तास सोडून यादीतल्या मिनिटांची बेरीज मात्र नऊ हजार आठशे. फरक नेमका एक हजाराचा. हजाराच्या घरात एकच एक कमी. तात्यांचं बोलणं मी विसरलो नव्हतो, फक्त ऐकलं नव्हतं.

यादी समोर घेतली आणि वरून एकेक नाव उलटं फिरवत आलो. शून्य. शून्य. शून्य. मनकर्णा सहादेव, गुंठे शहात्तर, मिनिटं एकशे चाळीस. मशीनच्या खिडक्यांत एकशे चाळीस घेतलं, शहात्तर लावले, गाडी दहाच्या घरावर सरकवली आणि दांडा एकदा मागे फिरवला.

टणकन घंटी वाजली. खिडक्यांत नऊ नऊ नऊ.

शहात्तर पंधरा अकराशे चाळीस. एकोणीस तास. शाळेतल्या पोरालाही तोंडी येईल असा गुणाकार, आणि मी मशीनच्या तोंडाकडे बघून दोन तास वीस मिनिटं लिहिली होती. एका हातच्याला दुसरा लागला आणि दुसरा सुटला, तात्या म्हणाले होते अगदी तसाच. तिचे सोळा तास चाळीस मिनिटं त्या क्षणी आमच्या बागेत वाहत होते.

घड्याळात बारा वाजले होते. मोटर रात्री बारापर्यंत चालणार होती. अजून बारा तास होते. एकोणीस नाहीत, पण बारा. बारा तासांत तिची बहुतेक बाग भिजली असती.

मी सायकल काढली. खरंच सांगतो, ऑफिसातून निघालो तो बन्सीला गाठून फळी बदलायला सांगायचं म्हणूनच निघालो. चारीच्या कडेनं जाताना मनकर्णाआक्काची बाग लागली. ती एका झाडाखाली बसून आळ्यात पालापाचोळा भरत होती, आहे ती ओल टिकावी म्हणून. तिनं हात केला. मीही हात केला आणि पुढे गेलो. आधी घरच्यांना सांगू, मग फळी बदलू, असं मनाशी म्हटलं.

आमच्या बागेत आई होती. बनुबाई, माझी आई, वर्षभर कुणी तिला हसताना बघितलं नव्हतं. ती पाण्यात घोट्यापर्यंत उभी राहून खोऱ्यानं बारं मोडत, एका वळीचं पाणी पुढच्या वळीत वळवत होती आणि कुठलं तरी जात्यावरचं गाणं गुणगुणत होती. मला बघून म्हणाली, “आलास? बघ रं, शेवटल्या वळीपत्तूर पोचलं! तुझ्या बापाच्या हयातीत कधी पोचलं न्हवतं. तुझ्या त्या मशीनला नारळ फोडते मी.”

मी तिथे उभा राहिलो. तोंड उघडलं की ते खोरं तिच्या हातून काढून घ्यायचं होतं. तिला सांगायचं होतं की हे पाणी चोरीचं आहे आणि चोर मी आहे. शिवाय गावाला सांगायचं होतं, ज्या गावानं परवा नारळ दिला त्यालाच. म्हटलं, ही एवढी वळ भरू दे. मग म्हटलं, मधली चार झाडं कमजोर आहेत, तेवढी भिजू देत. मी चप्पल काढली, धोतर खोचलं आणि आईच्या हातातलं खोरं घेऊन स्वतः बारं मोडायला लागलो. माझ्या मनाला मी सांगत होतो की हे लवकर आटपावं म्हणूनच मी मदत करतोय.

सहाच्या सुमाराला चारीतलं पाणी बारीक झालं आणि मग थांबलंच. बन्सी सायकलवरून ओरडत आला, “नदी सरली! मोटर हवा वढाया लागली, बंद केली!” आई म्हणाली, “आपलं झालं बाबा समदं.” मी खोरं धुतलं. बारा तासांतले सहा तास नदीनं खाल्ले होते आणि सहा मी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तर मशीनच्या दांड्याला चामड्याची पट्टी परत बसवलेली. तात्यांनी ती खिडकीखालून शोधून आणली होती. त्यांच्यापुढे यादी होती आणि एका नावाखाली पेन्सिलीची रेघ.

“बघितलंस?” त्यांनी विचारलं.

“बघितलं.”

“कधी कळलं?”

“आत्ता. सकाळी,” मी म्हणालो.

तात्यांनी यादी माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, “जाऊन सांग तिला. मी न्हाई सांगनार. ते तुझं काम हाय.”

मी गेलो नाही. उद्या जाऊ म्हटलं, मग पाडव्यानंतर म्हटलं. दोन तास वीस मिनिटांच्या पाण्यावर तिची पंचवीसेक झाडं तगली. बाकीच्यांची कळी आधी गळली, मग पानं वळली, वैशाखात सालं फुटली. हापसाही तोवर कोरडा पडला होता. मनकर्णाआक्का दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. सकाळी जाताना ती ऑफिसावरून जायची, आणि तिची चाहूल लागली की मी रजिस्टरात डोकं घालायचो. घरी आई आमच्या झाडांच्या फांद्यांना टेकू देत होती. मला तिकडे जाववत नव्हतं. तात्या पुढे त्या विषयावर एक शब्द बोलले नाहीत, फक्त रोज सकाळी मशीनवरचं फडकं काढून माझ्या टेबलावर ठेवायचे.

पुढचा पावसाळा चांगला झाला. दिवाळीच्या आत आमची मोसंबी उतरली, एवढी की घरात ठेवायला जागा नाही. आईनं एक पाटी भरली आणि म्हणाली, “मनकर्णाला देऊन ये. बिचारीच्या घरात औंदा एक फळ न्हाई.”

मी पाटी डोक्यावर घेतली. आता मात्र सुटका नव्हती. ती मोसंबी तिच्याच पाण्याची, आणि ती तिला भेट म्हणून द्यायची, एवढा निर्लज्जपणा माझ्यानं झाला नसता. ती ओट्यावर बसली होती. अंगणात तोडलेल्या झाडांची लाकडं रचून ठेवलेली. मी पाटी खाली ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पट्टी काढली ते, मशीननं हातचा सोडला ते, एकोणीसचे दोन झाले ते, तिचं पाणी आमच्या बागेत गेलं ते.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “तात्या म्हनत हुता ते उलटं फिरवाया किती येळ लागला असता?”

मी हवेत हात धरून दांडा फिरवल्यासारखा एकदा मागे फिरवला. “एवढा.”

तिनं माझ्या हाताकडे बघितलं. पदरानं तोंड पुसलं. रडते की काय असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर तिनं रडावं, शिव्या द्याव्यात, पाटी लाथेनं उडवावी असंच मला वाटत होतं. पण तिनं पाटीतली एक मोसंबी उचलली, हातात फिरवली आणि परत ठेवली.

“चुकी मानसाचीच हुती,” ती म्हणाली. “घाई हुती सगळ्यांना. तू मुद्दाम का केलंस? आन् सांगाया आलास, दुसरं कोन आलं असतं?” मग माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, “पानी चालू हुतं तवा तुला कळलं असतं, तर तू पळत आला असतास रं. मला ठावं न्हाई व्हय?”

मी मान हलवली. व्हय म्हणालो.

तिनं मला गूळ-पाणी दिलं. मी ते प्यालो आणि घरी आलो.